बरे झालेल्यांचा रकाना

साथींचा इतिहास लिहिणारे बहुधा दोनच रकाने आखतात. एक मेलेल्यांचा, दुसरा बरे झालेल्यांचा. पहिल्यात चूक होते ती आकड्याची, दुसऱ्यात शब्दाची. 'बरा झाला' म्हणजे काय, हे ठरवावयाचे कोणी?

१८८९ साली रशियाकडून युरोपभर पसरलेल्या साथीनंतर तेथील डॉक्टरांनी महिनोन्‌महिने रेंगाळणारा थकवा, निद्रानाश आणि उदासी यांची नोंद केली होती. ती साथ इन्फ्लुएंझाचीच मानली गेली. पुढे २००५ साली बेल्जियममधील संशोधकांनी सर्दीच्या ओसी४३ या कोरोना-विषाणूची वंशावळ मागे मोजत नेली, तेव्हा गुरांतल्या विषाणूपासून त्याचा फाटा १८९० च्या सुमारास फुटला असावा असे दिसले. ती साथही कोरोनाची, असा तर्क त्यावरून निघाला. तो अद्याप तर्कच आहे. आपल्याकडे १९१८ च्या मानमोडीच्या ज्या आठवणी मी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या, त्या साऱ्या मढ्यांच्या. तिच्यातून उठलेल्यांविषयी कोणी काही सांगितले नाही.

मे २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम केला: सौम्य रुग्णास लक्षणे दिसल्यापासून १० दिवसांनी, मध्ये ३ दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता घरी सोडावे. खाटा अपुऱ्या होत्या. नियम मला गैर वाटत नाही. पण दहाव्या दिवशी माणूस 'बऱ्यां'त जमा झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दुखण्याच्या उत्तरार्धाची व्याख्या ठरवली: आजार सुरू झाल्यापासून साधारण ३ महिन्यांनीही असलेली, निदान २ महिने टिकलेली, दुसऱ्या कशानेही न उलगडणारी लक्षणे. दहा दिवस आणि तीन महिने यांमधले अंतर आमच्या गावाने अंगावर काढले.

माळशिरस तालुक्यातले आमचे श्रीपूर बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोवती वाढले. गळीत सुरू झाले की मळीचा वास घरात, कपड्यांत, अन्नात शिरतो; पाहुणा नाक धरतो, आम्हांस तो जाणवतही नाही. २०२० च्या हंगामात आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मला विचारले, "यंदा कारखाना उशिरा का?" धुराडे तर समोर दिसत होते! त्यांचे दुखणे दोन महिन्यांपूर्वीच 'बरे' झाले होते.

त्याच नोव्हेंबरअखेर शेजारच्या पंढरपूर-मंगळवेढ्याचे आमदार भारत भालके कोरोनोत्तर गुंतागुंतीने वारले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ रोजी झाली, ती ऐन दुसऱ्या लाटेत.

ती लाट डेल्टाची. त्या विषाणूचे कूळ २०२० च्या अखेरच्या महाराष्ट्रातील नमुन्यांत आढळले होते. पण कोणाला कोणता प्रकार झाला, हे गावात कोणास ठाऊक? जनुकतपासणी थोड्याच नमुन्यांची होई. आम्ही 'पहिल्या लाटेतला', 'दुसऱ्या लाटेतला' असेच म्हणत आलो, आणि इतिहासाला ते पुरेही. ब्रिटनमधील एक मोठी पाहणी जून २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तीत चार आठवड्यांनंतरही लक्षणे राहिलेले डेल्टाच्या ४१,३६१ रुग्णांत १०.८ टक्के, तर ओमायक्रॉनच्या ५६,००३ रुग्णांत ४.५ टक्के निघाले. यावरून ओमायक्रॉन निरुपद्रवी ठरवणाऱ्यांनी त्रैराशिक मांडून पाहावे: लागण कितीतरी अधिक जणांना झाली, तर लहान टक्क्यातही मोठा समुदाय मावतो.

डेल्टानंतरची काळी बुरशी डोळा, जबडा घेऊन गेली. ती दिसत होती. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना ती नोंदणीयोग्य आजार ठरवण्यास सांगितले. धापेला अशी नोंदवही मिळाली नाही.

तरी एक वही मी पाहिली. उसाच्या तोडीला येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. उचल त्या हिशेबाने मिळते. २०२१ च्या हंगामात बीडकडचा एक गडी मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना मध्येच बसू लागला. उन्हाळ्यात त्याला तीन दिवस ताप आला होता, एवढेच. पुढे बायको एकटीच तोडू लागली. मुकादमाने त्यांच्या नावापुढे 'अर्धा कोयता' असे लिहिले. उचल मात्र पुऱ्या कोयत्याची फेडावयाची होती.