मानदुखीची घराणी: ‘कोणतं तंत्र चांगलं?’ हा प्रश्न आला कुठून?

फिजिओथेरपीत संशोधनाचा विषय शोधायला बसलात की एक शीर्षक हमखास समोर येतं: ‘यांत्रिक मानदुखीत अमुक आणि तमुक तंत्राची तुलना’. यांत्रिक मानदुखी म्हणजे सांधे, स्नायू आणि हालचालींशी जोडलेली दुखी. जिच्यामागे फ्रॅक्चर, गाठ किंवा जंतुसंसर्ग नाही अशी. हा विषय घ्यायचा तर जरूर घ्या, पण आधी त्याचा इतिहास बघा.

घराणी कशी तयार झाली?

घराणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँ होते आणि तालमीत वस्ताद. हाताने करायच्या उपचारांचंही तसंच आहे. आपल्याकडे तालमीतलं मालिश, हाडवैद्याचा हात आणि न्हाव्याने कडकन मोडून दिलेली मान होतीच. तिकडे अमेरिकेत १८७४ मध्ये अँड्र्यू स्टिल यांनी ऑस्टिओपथी मांडली. १८९५ मध्ये डॅनियल पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. ‘मणका सरकतो, नस दाबली जाते’ हा त्यांचा सिद्धांत.

पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जेम्स सिरियाक्स यांनी ही तंत्रं फिजिओथेरपिस्टना शिकवली. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांचं मणक्याच्या मॅनिप्युलेशनवरचं पुस्तक १९६४ मध्ये आलं. सांध्याला हळूहळू, मोजूनमापून दिलेल्या झोक्यांना त्यांनी श्रेणी दिल्या. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांनी वेगळी वाट धरली: थेरपिस्टने सांधा सरकवून धरायचा आणि त्याच वेळी रुग्णाने मान हलवायची.

मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आज आपल्या वर्गात ही सगळी घराणी एकाच बाकावर बसतात. मग ‘यातलं भारी कोणतं?’ हा प्रश्न पडणारच.

समोरासमोर आल्यावर काय झालं?

२०१० मध्ये सिडनीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. नव्याने मान दुखू लागलेले १८२ रुग्ण होते. एका गटाला मॅनिप्युलेशन, म्हणजे झटका. दुसऱ्याला मोबिलायझेशन, म्हणजे हळुवार झोके. बरं व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक पहिल्या गटात ४७, दुसऱ्यात ४३. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या २७२ रुग्णांच्या चाचणीत मॅनिप्युलेशन औषधांपेक्षा सरस ठरलं. पण थोडं शिकवून घरी करायला दिलेले व्यायामही जवळजवळ तितकेच उपयोगी पडले.

आता गंमत बघा. प्रत्येक घराण्याचं स्पष्टीकरण वेगळं, पण निकाल जवळपास सारखा. मग फायदा त्या खास झटक्याचा की हाताच्या स्पर्शाचा, धीर देण्याचा, की नुसत्या वेळ जाण्याचा? मान बऱ्याचदा आपोआपही सुधारते. म्हणून दोन्ही गटांत ‘आधी-नंतर’चा फरक लक्षणीय आला, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. दोन गटांमधला फरक बघा. तो रुग्णाला जाणवेल इतका आहे का, हेही विचारा.

आणि निकाल सारखे असतील तर सुरक्षिततेचं पारडं जड होतं. मानेला दिलेल्या झटक्यानंतर रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. त्या दुर्मिळ आहेत, पण परिणाम गंभीर आहे.

मग आपण काय विचारायचं?

मी हे उचगावातून लिहितोय. शेजारीच गांधीनगरची कापडपेठ आहे. तिथे गठ्ठे उचलणारा हमाल किंवा दिवसभर मान खाली घालून शिलाई करणारी बाई ‘मेटलंड की मुलिगन?’ असं विचारत नाही. त्यांचा प्रश्न साधा असतो: रोज बुडवून किती वेळा यायचं, आणि दुखणं परत उलटणार का?

हा प्रश्न संशोधनाचा होऊ शकतो. तंत्राची तुलना करायचीच असेल तर घरच्या व्यायामाचा गट ठेवा, दोन आठवड्यांवर न थांबता काही महिन्यांनी परत मोजा, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी करा. फरक आढळला नाही तरी तसंच लिहा. तोही निकालच असतो.

विषय पक्का करण्याआधी एक वाक्य लिहून बघा: ‘माझं उत्तर काहीही आलं, तरी उद्या रुग्णाच्या उपचारात काय बदलेल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल, तर शीर्षक बदला.