वसईची तारीख : जंत्रीपासून लिंकपर्यंत

वसई-विरार परिसराच्या इतिहासात एकाच दिवसाला अनेक तारखा असण्याची स्थिती दीर्घकाळ राहिली, आणि एका कालगणनेतील नोंद दुसरीत उतरवणे हे येथील दफ्तर सांभाळणाऱ्यांचे व पुढे इतिहासकारांचे नित्याचे काम होऊन बसले. 23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा पोर्तुगीज ज्युलियन कालगणना पाळत असत. परंतु 1582 मध्ये तेरावा पोप ग्रेगरी याने तिची दुरुस्ती केली आणि पोर्तुगालमध्ये गुरुवार 4 ऑक्टोबरनंतरचा शुक्रवार 15 ऑक्टोबर म्हणून मोजला गेला. दक्षिणेस मुंबई बेट 1665 मध्ये इंग्रजांकडे गेले, आणि इंग्रजांनी ही दुरुस्ती 1752 पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे पोर्तुगीजांची साष्टी आणि इंग्रजांची मुंबई यांच्यामधली माहीमची खाडी ओलांडताच तारीख आधी दहा आणि 1700 नंतर अकरा दिवसांनी मागे जात असे. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्च या काळात सनही जुळत नसे.

मराठ्यांच्या कागदांची पद्धत याहून वेगळी आणि अधिक भरगच्च होती. त्यांत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी व वार येत, आणि अनेकदा त्यांच्या जोडीला ‘छ’ या अक्षराने, म्हणजे चंद्र या शब्दाच्या संक्षेपाने, मुसलमानी महिन्याची तारीख आणि शुहूर सन दिलेला असे. शुहूर सन म्हणजे मृग नक्षत्रात सूर्य शिरतो त्या दिवसापासून, अर्थात शेतीच्या हंगामाबरोबर सुरू होणारे सौर वर्ष. त्याचा आकडा अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि त्यात मृगापासून डिसेंबरअखेर 599 व जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन निघतो.

मराठा सेनापती चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध काढलेल्या वसई मोहिमेची अखेर हे या गुंतागुंतीचे उत्तम उदाहरण होय. शरणागतीचा करार 16 मे 1739 रोजी झाला आणि 23 मे रोजी पोर्तुगीज किल्ल्यातून बाहेर पडले. हेच दिवस मुंबईच्या इंग्रजांच्या लेखी 5 मे आणि 12 मे होते, तर मराठी दफ्तरात शक 1661, सिद्धार्थी संवत्सर, सन ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे 1139, असे होते. मृग अद्याप लागले नसल्यामुळे येथे 600 मिळवावे लागतात; 599 मिळवणाऱ्या अभ्यासकाकडून वसई एक वर्ष आधीच पडते. या साऱ्या फरकांतून वार मात्र सुटतो, कारण ग्रेगरीच्या दुरुस्तीने तारखा गाळल्या तरी वारांची साखळी तोडली नाही : 16 मे आणि 5 मे हे दोन्ही शनिवारच. म्हणूनच मराठी पत्रातील वार हा तारीख पडताळण्याचा सर्वांत भरवशाचा आधार ठरतो आणि तो लिहिणाऱ्या कारकुनांचे ऋण इतिहासाने मानले पाहिजे. अशा रूपांतरासाठी जी कोष्टके वापरतात त्यांना जंत्री म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह 1896 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या कामाला गणिताचा पक्का पाया दिला.

तारखेचा घोळ मिटला तरी घड्याळाचा उरलाच. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईकडे नियमित गाडी सुरू झाली. त्या काळी मुंबईची स्थानिक वेळ, पुढे रेल्वेने वापरलेल्या मद्रास वेळेच्या सुमारे अर्धा तास मागे होती, आणि 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबई शहरात जुनी वेळ 1955 पर्यंत टिकून राहिली.

संगणकाने हेच रूपांतराचे काम वेगळ्या साच्यात पुढे नेले. आयकॅलेंडर हे कार्यक्रमांच्या नोंदींचे प्रमाण 1998 मध्ये ठरले आणि 2009 मध्ये सुधारले गेले. त्यानुसार बनलेल्या, आयसीएस नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलमध्ये आरंभ, शेवट, शीर्षक, स्थळ आणि पुनरावृत्तीचा नियम यांसाठी ठरावीक ओळी असतात. 2006 मध्ये गूगल कॅलेंडर आल्यानंतर याच ओळी एका लांब पत्त्यात गुंफून, दाबताच कार्यक्रमाची भरलेली नोंद समोर उघडणारी लिंक पाठवण्याची सोय झाली. वसईत संध्याकाळी सात वाजता असलेल्या समारंभाची वेळ अशा लिंकमध्ये जागतिक प्रमाणवेळेत लिहिली, तर ती साडेपाच तास मागे जाऊन दुपारी दीड होते, आणि परदेशातील नातलगाच्या फोनवर ती त्याच्या घड्याळाप्रमाणे उलगडते. अक्षरांचेही असेच होते : पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्समध्ये मोडते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन वर्ण यांनी लिहावा लागतो, त्यामुळे ‘वसई’ या तीन अक्षरांचे सत्तावीस वर्ण होतात. या रूपांतरात काही गळतेही. फाइलमध्ये कितीही कार्यक्रम आणि प्रत्येकाची आठवणघंटा मावते. लिंक मात्र एकाच कार्यक्रमाची होते आणि घंटा मागे राहते.

याहून मोठी उणीव मूळ प्रमाणातच आहे, कारण त्याला ग्रेगोरियन ही एकच कालगणना ठाऊक आहे. जयंतराव साळगावकर यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ या दिनदर्शिकेने एकाच चौकटीत तारीख, तिथी आणि निरनिराळ्या धर्मांचे सण बसवले, तशी जागा या फाइलमध्ये नाही. तिथी लिहायचीच झाली तर ती तपशिलाच्या ओळीत शब्दांत लिहावी लागते, आणि मराठी दफ्तराची दुहेरी नोंद पाहता ती लिहावीच. वसईतील चर्चचा नाताळ 25 डिसेंबरला पक्का असल्याने ‘दरवर्षी’ एवढ्या एका नियमाने कायमचा नोंदवता येतो. ईस्टर मात्र 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, आणि विरारच्या जीवदानीचे शारदीय नवरात्र आश्विन शुद्ध प्रतिपदेला बसते. या दोहोंना तो नियम लागू पडत नाही, म्हणून त्यांच्या तारखा चर्चच्या दिनदर्शिकेतून आणि पंचांगातून काढून दरवर्षी नव्याने भराव्या लागतात.