पेण व रोहा : बाजारपेठ आणि पाणी

रायगड जिल्ह्यातील तालुक्यांची दोन गावे. पेण भोगावतीकाठी, रोहा कुंडलिकेकाठी. दोन्ही पेठा खाडीच्या भरतीवर वाढल्या. भरतीबरोबर गलबते आत शिरत आणि तांदूळ भरून मुंबईकडे निघत. पेणहून मीठही जाई. कुंडलिकेपलीकडची अष्टमी रोह्याशी इतकी एकजीव झाली, की नगरपरिषदेचे नावच ‘रोहा अष्टमी’ आहे.

पेणची पेठ पुढे गणेशमूर्तींनी नावाजली. श्रावणात कारखान्यांत मूर्तींची दाटी होते आणि डोळ्यांची आखणी सर्वांत निष्णात हातांकडे सोपवली जाते. इथले पोहे-पापडही तितकेच खपतात.

पाण्याची कथा मात्र दोन्हीकडे वेगळी.

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या टाटा वीजगृहात (१९२७) येते आणि वीज देऊन कुंडलिकेत मिसळते. म्हणून ऐन वैशाखातही ही नदी वाहती असते. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत जाते, पण त्याच तालुक्यातील खारेपाटाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील) गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागली. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क या गावांचा आहे.