उंदीर, दिव्याची वात आणि टूलचं वर्णन

गेल्या शनिवारी रत्नागिरीला घरी होतो. बाहेर धो धो पाऊस, आणि मी बाबांचं एका साइटवरचं खातं परत मिळवायच्या खटपटीत. ते हरवलं होतं माझ्याच कृपेने.

झालं असं, की टेस्टिंगसाठी मी एक छोटा एआय एजंट लिहिला होता. त्याला तात्पुरता ईमेल पत्ता बनवणारं एक टूल जोडलं होतं. टूलचं वर्णन एका ओळीचं: "नवीन ईमेल पत्ता तयार करतो." पुढे त्याच एजंटला सांगितलं, बाबांचं खातं उघड. त्याने हेच टूल वापरलं. ओटीपी आला, खातं उघडलं, आम्ही खूश. थोड्या वेळाने त्या पत्त्याची मुदत संपली. दोन महिन्यांनी बाबा पासवर्ड विसरले, तेव्हा रीसेटची लिंक जायला जागाच उरली नव्हती.

आता एजंटला शिव्या घालून काय उपयोग? मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही. त्याला दिसतं फक्त नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स. पत्ता थोड्या वेळाने मरतो हे मला माहीत होतं, पण मी ते लिहिलंच नव्हतं.

तेव्हा आठवलं ते शिवाजी महाराजांचं चिपळूणचं पत्र. राज्याभिषेक 6 जून 1674 चा, हे पत्र त्याच सुमाराचं. चिपळूण तालुक्यात पागेचा मुक्काम होता, आणि पत्र आहे तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. पावसाळा तोंडावर. दाणा, वैरण भरून ठेवलेली. आणि लिहिणारा तिथे हजर नसणार. म्हणजे आपलाच प्रॉब्लेम!

आपण असतो तर लिहिलं असतं, "दाणा-वैरण जपून वापरा." संपलं. महाराज तिथे थांबत नाहीत. आत्ता हवं तसं उधळलंत, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, हे ते स्पष्ट सांगतात. पुढची पायरीही दाखवतात: मग तुम्ही मुलखात शिराल, कुणब्यांचा दाणा, भाकरी, फाटी, भाजी ओढून आणाल. ती गरीब माणसं गाव सोडतील, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे.

नुसतं 'हे करू नका' म्हणूनही सोडलेलं नाही. लागेल ते बाजारात जाऊन विकत आणा, कोणावर जुलूम करू नका, असा दुसरा मार्ग दिलाय.

आणि मग तो प्रसिद्ध उंदीर. कोणी आगटी पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवेल आणि उंदीर जळती वात पळवून नेईल. गवताला आग लागेल. मग कुणब्यांची मुंडकी मारली किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी खण बांधायला एक लाकूडही मिळणार नाही.

हा उंदीर म्हणजे माझ्या मते उत्तम एज केस! पागेतल्या कोणाचाच हेतू वाईट नाही. फक्त दिवा तसाच राहिला. माझ्या एजंटचाही हेतू वाईट नव्हता.

तर मंडळी, रविवारी बसून वर्णन पुन्हा लिहिलं: "थोड्या वेळाने नष्ट होणारा ईमेल पत्ता बनवतो. फक्त टेस्टिंगसाठी वापर. ज्या खात्यात पुन्हा लॉगिन करावं लागेल तिथे वापरू नकोस, कारण मुदत संपल्यावर पासवर्ड रीसेट करता येणार नाही. तिथे वापरणाऱ्याला त्याचा खरा पत्ता विचार. इनबॉक्स रिकामा दिसला तर मेल उशिरा येत असेल. थोडं थांबून पुन्हा बघ, लगेच नवा पत्ता बनवू नकोस."

एका ओळीच्या झाल्या सहा. त्यात कारण आहे, दुसरा मार्ग आहे आणि एक उंदीरही आहे.

बाबांचं खातं काही परत मिळालं नाही. नवीन उघडलं, त्यांच्या खऱ्या पत्त्यावर. बाबा म्हणाले, "आधीच मला विचारलं असतंस तर?"

असो. वर्णनात तेही वाक्य आहे आता.