मनोऱ्यांची झोंप

मध्यरात्र उलटते, बाजारपेठेंतील दुकानांच्या फळ्या केव्हांच लागलेल्या असतात, शेवटची गाडी निघून जाते आणि शहर झोंपीं जातें. परंतु गच्चीवर उभारलेला मोबाईलचा टॉवर त्या वेळींहि जागाच असतो. त्याच्या टापूंत एकहि संभाषण चालू नसलें, तरी 'मी येथें आहें' असा पुकारा तो करीतच राहतो. या जागरणास वीज लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. मोबाईलच्या सबंध जाळ्यास जी वीज लागते, तिचा बराच मोठा वांटा या मनोऱ्यांवरील केंद्रेंच घेतात. असें असून मनोऱ्यास झोंप द्यावी, ही गोष्ट मनुष्याला फार उशिरां सुचली.

या जाळ्याची मूळ कल्पना १९४७ सालची. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील डग्लस रिंग यांनीं एका टिपणांत असें सुचविलें कीं, प्रदेशाचे मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडावे आणि प्रत्येक भागास स्वतंत्र केंद्र द्यावें. ती प्रत्यक्षांत येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. टोकियो येथें १९७९ सालीं असें व्यापारी जाळें सुरू झालें. त्या काळीं चिंता एवढीच होती कीं, आवाज पोहोंचतो कीं नाहीं.

पुढें १९९१ सालीं फिनलंडमध्यें जी. एस. एम. नांवाची दुसऱ्या पिढीची पद्धति चालू झाली. तिच्यांत एक मोठी विषमता दिसून येते. खिशांतील यंत्राला झोंपेची कला उत्तम शिकविलेली होती. कोणी बोलावीत नसतां तें स्वस्थ पडून राही. ठरलेल्या क्षणीं जागें होऊन आपल्या नांवाची हांक आली आहे काय तें पाही, आणि पुन्हां डोळे मिटी. संभाषणांतहि बोलणारा मध्येंच थांबला, तर तेवढ्यापुरतें त्याचें प्रक्षेपण बंद ठेवण्याची सोय होती. उलट, केंद्राची एक मुख्य लहर मात्र देवापुढील नंदादीपाप्रमाणें अष्टौप्रहर, एकसारख्या जोरानें चालूच ठेवली पाहिजे, असा दंडक होता. नव्यानें टापूंत शिरणारें यंत्र त्या लहरीचा जोर मोजूनच कोणत्या मनोऱ्याचा आश्रय घ्यावा तें ठरवीत असे. तेव्हां दंडक सकारण होता, यांत शंका नाहीं. तथापि दुसरेंहि एक कारण दिसतें. यंत्राची बॅटरी लवकर संपली तर गिऱ्हाईक कुरकुर करी. मनोऱ्याला विजेची तार जोडलेली, त्याची उधळपट्टी पाहणार कोण?

ती उधळपट्टी मोजण्याचें काम युरोपांत २०१० ते २०१२ या काळांत झालें. या संशोधन-योजनेचें नांव होतें 'अर्थ'. इंग्रजींत त्याचा अर्थ पृथ्वी. मराठी कानाला त्यांत पैसा ऐकूं येतो, आणि तेंहि अगदींच अप्रस्तुत नव्हे! तिच्या हिशेबाप्रमाणें मोठ्या केंद्राचा एक प्रक्षेपक-संच पूर्ण भरांत २० वॅट शक्ति हवेंत सोडतो आणि त्यासाठीं सुमारें २२४ वॅट वीज घेतो. हें एक वेळ क्षम्य मानूं. परंतु कोणीहि बोलत नसतां तोच संच १३० वॅट घेतो! रिकाम्या आगगाडीला भरलेल्या गाडीच्या निम्म्याहून अधिक कोळसा लागावा, तसाच हा प्रकार. त्याच संचाला झोंपविलें तर ७५ वॅटांवर भागतें. इटलींतील तुरीन येथील संशोधकांनीं त्याआधींच, २००९ सालीं, गणितानें दाखवून दिलें होतें कीं, वर्दळ कमी असतां कांहीं केंद्रें बंद ठेवल्यास शेंकडा २५ ते ३० वीज वांचूं शकते.

आपल्या देशांत या प्रश्नाला धुराचा वास होता. वीज बेभरंवशाची असल्यामुळें कित्येक मनोरे डिझेलच्या जनित्रावर चालत. २०१२ सालीं केंद्र सरकारनें असा आदेश काढला कीं, २०१५ पर्यंत ग्रामीण भागांतील निम्मे व शहरांतील शेंकडा २० मनोरे नूतनीकरणक्षम ऊर्जा व तारेवरची वीज यांच्या मिश्रणावर चालावे. वीज कोठून आणावी याचा हा विचार झाला. ती मुळांतच कमी कशी लागेल, हा प्रश्न निराळा.

पण गणितांतली झोंप आणि गांवांतली झोंप यांत अंतर आहे. एक मनोरा निजला, तर त्याचा टापू शेजाऱ्यानें संभाळावयाचा. परंतु शेजाऱ्याची लहर तळघरांत किंवा जाड भिंतींच्या घरांतील आजाऱ्याच्या उशाशीं पोहोंचली नाहीं तर? रात्रीं दोन वाजतां डॉक्टरला केलेली हांक वाऱ्यावर गेली, तर वांचविलेल्या विजेचें कौतुक कोण करील? म्हणून व्यवहारांत तोड निघाली ती अशी. दूरवर पोहोंचणारी सखल लहर जागी ठेवावयाची आणि केवळ गर्दीसाठीं चढविलेल्या उंच लहरी रात्रीं मिटावयाच्या. शिवाय झोंप जितकी गाढ, तितका जागें होण्यास वेळ अधिक. डुलकी क्षणाच्या अत्यल्प अंशांत मोडतां येते; पुरी निद्रा तशी मोडत नाहीं.

खरी अडचण नियमांतच होती. २००९ च्या डिसेंबरांत स्टॉकहोम व ऑस्लो येथें सुरू झालेल्या चौथ्या पिढीच्या पद्धतींत दर मिलिसेकंदाला खुणेची लहर सोडावी लागे. अशा स्थितींत झोंप कसली? पुढें लहान केंद्रांना निजूं देणारे नियम २०१५ च्या सुमारास आले. पांचव्या पिढीचे नियम २०१७-१८ सालीं ठरले, त्यांत हा पुकारा साधारणपणें २० मिलिसेकंदांतून एकदां केला तरी चालेल, असें मान्य झालें. केंद्राची वीज वांचविण्यासाठीं आणखी खास नियम २०२४ सालीं तयार झाले.

तथापि नव्या केंद्रांना अँटेनाहि पुष्कळ, आणि त्यामुळें त्यांची भूकहि मोठी. चीनमधील लोयांग शहरांत २०२० सालीं एका कंपनीनें पांचव्या पिढीचीं कांहीं केंद्रें रात्रीं नऊपासून सकाळीं नऊपर्यंत, काम नसेल तेव्हां, झोंपविण्याची व्यवस्था केली. बातमी पसरतांच लोकांत चर्चा उसळली; नवी सेवाच बंद पडली, असा पुष्कळांचा समज झाला. वास्तविक जुन्या, चौथ्या पिढीचीं केंद्रें त्या रात्रींहि जागींच होतीं.