पहिल्या अंकानंतर

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांना पहिल्या अंकांचे मोठे प्रेम आहे. अमुक साली अमुक पत्र निघाले, अमुक ठिकाणी पहिले मासिक सुरू झाले, अशा नोंदींनी त्यांची पाने भरलेली असतात. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, म्हणून महाराष्ट्रात तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. हे योग्यच आहे. परंतु ज्याने एखादे लहानसे नियतकालिक चालवले आहे, किंवा चालवणाऱ्याच्या घरात राहून ते पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की खरी परीक्षा पहिल्या अंकाची नसते. ती दुसऱ्या अंकाची, बाराव्या अंकाची आणि संस्थापकाच्या पश्चात निघणाऱ्या अंकाची असते. पहिल्या अंकामागे उत्साह असतो. पुढच्या अंकांमागे काय असते? मराठी नियतकालिकांच्या वाटचालीतून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे.

आरंभ आपल्या जवळच्याच एका कथेने करावा लागतो. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला. जेज्वीट संघाच्या मंडळींसोबत तो खरे तर अबिसिनियाकडे निघाला होता. परंतु तो गोव्यातच राहिला आणि सेंट पॉल महाविद्यालयात त्याची स्थापना झाली. पुढे साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे छापून प्रसिद्ध झाले. मराठी ओवीत रचलेला हा ग्रंथ छापला गेला तो मात्र रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे पाडून घ्यावेत ही फादर स्टीफन्स यांची इच्छा होती आणि १६०८ साली त्यांनी आपल्या वरिष्ठांना तसे लिहिलेही होते. पण ते घडून आले नाही. पुढे २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. गोव्यातील छपाई तोवर मंदावलेलीच होती. ती पुन्हा जागी झाली १८२१ साली, 'गझेता द गोवा' या सरकारी पत्राच्या रूपाने.

या कथेचा अर्थ काय? यंत्र होते, विद्वान होते, ग्रंथ होते. एवढेच नव्हे, तर आशियातील कित्येक प्रदेशांच्या आधी होते. तरीही परंपरा उभी राहिली नाही. कारण ज्या भाषेत लोक रडतात, भांडतात आणि प्रार्थना करतात, त्या भाषेचे पाठबळ त्या यंत्रामागून काढून घेण्यात आले. रोप लावणे आणि ते जोपासणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा आपल्याला आपल्याच पूर्वजांच्या अंगणात मिळतो.

आता मुंबईकडे वळू. १८३१ च्या नोव्हेंबरात 'दर्पण'चे जाहीर पत्रक निघाले, तेव्हा त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर विशीच्या उंबरठ्यावर होते. कोकणातील पोंभुर्ले गावाहून आलेला हा तरुण अनेक भाषांत आणि शास्त्रांत पारंगत होता. त्याने पत्राची जी आखणी केली, ती पाहण्यासारखी आहे. पृष्ठाच्या एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर. राज्यकर्त्यांना प्रजेचे म्हणणे कळावे आणि प्रजेला नव्या विद्येची ओळख व्हावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. आपला वाचक कोण आहे, याचा निर्णय पहिली ओळ छापण्यापूर्वीच झालेला होता.

दुसरी गोष्ट आवर्तनाची. 'दर्पण' आरंभी पाक्षिक होते. चार महिने ते नेमाने निघाले, आणि मगच ४ मे १८३२ पासून ते साप्ताहिक झाले. आधी पेलेल एवढेच वचन द्यायचे, ते पाळून दाखवायचे आणि नंतर वचन वाढवायचे, हा क्रम येथे दिसतो. उलट क्रमाने चालणारी नियतकालिके आपण सर्वांनी पाहिली आहेत: मोठ्या समारंभाने मासिक म्हणून जन्मतात, वर्षाच्या आत त्रैमासिक होतात आणि मग 'जोड अंक' काढत काढत दिसेनाशी होतात. 'दर्पण' शुक्रवारी निघे. आपल्याकडे अमुक वारी काहीतरी येते आणि ते खरोखरच येते, ही वाचकाच्या मनातील खात्री म्हणजे नियतकालिकाचे खरे भांडवल होय.

'दर्पण'चा शेवटचा अंक २६ जून १८४० रोजी निघाला. साडेआठ वर्षे हे आयुष्य फार मोठे नव्हे. पण बाळशास्त्री थांबले नव्हते. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले, ज्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय मराठीत मांडले जात. १८४६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी दाखवलेल्या वाटेवर तोवर इतरांची पावले उमटली होती. १८४१ साली भाऊ महाजन यांनी 'प्रभाकर' हे साप्ताहिक काढले आणि १८४८ पासून त्यात गोपाळ हरी देशमुख या तरुणाची पत्रे 'लोकहितवादी' या नावाने येऊ लागली. ती पुढे 'शतपत्रे' म्हणून गाजली. भाऊ महाजनांचे मोठेपण केवळ स्वतः लिहिण्यात नव्हते; दुसऱ्याच्या लेखणीला दर आठवड्याला जागा राखून ठेवण्यात होते. पंचविशीतला माणूस समाजाला कठोर प्रश्न विचारतो आहे, आणि संपादक त्याला अडवत नाही, ही जोपासनेचीच एक रीत आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची 'निबंधमाला'. १८७४ च्या जानेवारीत पुण्यात सुरू झालेल्या या मासिकाचे चौऱ्याऐंशी अंक निघाले, आणि जवळजवळ सगळा मजकूर त्यांनी एकहाती लिहिला. आपली सरकारी शाळेतली नोकरी सांभाळून हा माणूस महिन्यामागून महिने एकटा लिहीत होता. मराठी भाषेची स्थिती, इतिहास, वक्तृत्व, मोरोपंतांची कविता, इंग्रज ग्रंथकार डॉ. जॉन्सन असे नाना विषय त्यात आले. त्यांच्या मतांशी आपले भांडण आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मिशनरी मंडळींवर त्यांनी बोचरी टीका केली. जोतीराव फुले यांच्या लेखनाची जी संभावना त्यांनी केली, ती आज वाचताना खेद वाटतो. तरीही मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल नाकारता येत नाही. लिहिणाऱ्याचा स्वतःचा, ओळखू येणारा आवाज असला की वाचक त्याची वाट पाहतो, हे 'निबंधमाले'ने सिद्ध केले.

परंतु जे तिचे बळ, तीच तिची मर्यादा. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' असे नवे व्याप विष्णुशास्त्र्यांच्या मागे लागले आणि 'माला' संपली. मार्च १८८२ मध्ये, वयाची बत्तिशी पुरी होण्यापूर्वीच, ते वारले. 'केसरी' टिकला, कारण त्यामागे एक मंडळी उभी होती. 'माला' टिकली नाही, कारण तिची सारी फुले एकाच हाताने गुंफली होती.

मग दीर्घायुष्य कोणाला लाभले? १८४२ च्या जूनमध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या या पत्राने दीडशे वर्षांचा टप्पा मागे टाकला. त्याचे संपादक बदलले, त्याचे गाव बदलले, त्याचे आवर्तन बदलले. पण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती ते जात राहिले. पुढे विसाव्या शतकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीने त्याच्या मराठी विभागाची धुरा वाहिली.

'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांतील एक प्रसंग मात्र प्रत्येक संपादकाने आपल्या टेबलासमोर लिहून ठेवावा असा आहे. १८५५ साली त्यात एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील कोवळ्या वयाची मुलगी. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते, आणि ज्या धर्मव्यवस्थेने आपल्याला ग्रंथाला हातही लावू दिला नाही, तिला तिने थेट जाब विचारला होता. त्या काळात असे किती संपादक असतील, ज्यांनी हा कागद हातात घेऊन तो छापण्याचा विचार केला असता? 'ज्ञानोदया'च्या त्या वर्षीच्या अंकांत धर्मचर्चेचे पुष्कळ लेख असतील. पण आज एकशे सत्तर वर्षांनंतर अभ्यासक शोधत जातात ते त्या मुलीचा निबंध. ज्याला अन्यत्र जागा नाही, त्याला जागा देणे, हे लहान पत्राचे सर्वांत मोठे काम ठरले.

जागा न मिळण्याचे दुःख काय असते, हे 'मूकनायक'च्या जन्मकथेत दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. त्याच वर्षी पुढील शिक्षणासाठी बाबासाहेब लंडनला गेले. पाठीमागे 'मूकनायक' अडखळत चालला आणि १९२३ साली बंद पडला. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी पुन्हा 'बहिष्कृत भारत' सुरू केले. या वेळी संपादकाला एकट्याने चोवीस-चोवीस स्तंभ भरावे लागत. ज्यांच्यासाठी पत्र काढले, ते वर्गणी देण्याच्या स्थितीत नव्हते. ज्यांची स्थिती होती, त्यांना ते नको होते. १९२९ साली तेही थांबले. पण बाबासाहेब थांबले नाहीत: १९३० साली 'जनता' आले, आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्र बंद पडले म्हणजे कार्य संपले असे नव्हे, हे येथे दिसते. पण वाचकांनी आपला भार उचलला नाही तर संपादकाच्या अंगावर काय ओझे येते, तेही दिसते.

आणि आता पुन्हा आपल्या अंगणात. १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यातून फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेज्वीट धर्मगुरूंनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. खेडे लहान, वाचक थोडे, त्यातले बरेच नव्याने अक्षर ओळखणारे. चारच वर्षांनी, १९०७ साली, फादर डोरिंग पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाने जर्मन मिशनऱ्यांना या देशातून दूर केले. १९२१ साली बिशप डोरिंग यांची नेमणूक थेट जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली, आणि १९२७ साली ते पुण्याला परतले. संस्थापक एका खंडात आणि मासिक दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वर्षे होती. तरीही 'निरोप्या'ने शतकाचा टप्पा ओलांडला. एक गोष्ट येथे स्पष्ट होते: घरातील वडीलधाऱ्याने पोराला वेळीच चालायला शिकवले, तर वडील परगावी गेल्यावरही पोर पडत नाही.

वसईच्या 'सुवार्ता'विषयी वेगळे सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ तिचे संपादन केले, तिला पाणी, जमीन आणि हिरवाई यांच्या प्रश्नांशी जोडले, आणि ख्रिस्ती मंडळींबाहेरच्या मराठी लेखकांनाही तिच्या पानांवर बोलावले. २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामागे त्यांच्या ग्रंथांइतकीच ही संपादनाची तपश्चर्या होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स यांना जी देवनागरी अक्षरे मिळाली नाहीत, त्याच अक्षरांत एका धर्मगुरूने आयुष्यभर लिहावे, हा काळाने घेतलेला सुखद वळसा आहे.

या सर्व वाटचालीचे सार काढायचे तर ते असे निघते. 'दर्पण'ने आपला वाचक आधी ओळखला आणि पेलेल एवढेच वचन दिले. 'प्रभाकर'ने तरुण लेखकासाठी जागा राखली. 'निबंधमाले'ने स्वतःचा आवाज कमावला, पण वारस तयार केला नाही. 'ज्ञानोदया'ने वारस तयार केले आणि मुक्ताचा निबंध छापला. 'बहिष्कृत भारता'ने दाखवून दिले की केवळ एका माणसाच्या रक्तावर पत्र फार दिवस चालत नाही.

राहता राहिला वाचक. इतिहासात त्याचे नाव नसते. 'दर्पण'ची वर्गणी भरणारा मुंबईचा कारकून, 'ज्ञानोदय' मोठ्याने वाचून शेजाऱ्यांना ऐकवणारा नगरचा शिक्षक, केंदळच्या झाडाखाली अक्षरे जुळवत 'निरोप्या' वाचणारा शेतकरी असे कोणी ना कोणी असल्याशिवाय ही पत्रे एक महिनाही जगली नसती. संपादक अंक काढतो. नियतकालिक चालवतो तो वाचक. वर्गणी वेळेवर भरणे, वाचून झालेला अंक शेजारच्या घरी देणे, न पटलेल्या लेखाला दोन ओळींचे का होईना, उत्तर लिहिणे, आणि घरातल्या शाळकरी मुलीने काही लिहिले असेल तर ते पाकिटात घालून संपादकाकडे पाठवणे, ही कामे लहान आहेत. पण मुक्ता साळवेची वही कोणीतरी अशीच 'ज्ञानोदया'च्या कचेरीपर्यंत पोहोचवली होती.