रुपयातले अकरा मासे



बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना पाठ असेल. आजच्या विषयाचे निम्मे गणित त्यातच आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने जो रुपया ठरवला, त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आणि कस बारात अकरा. थोडक्यात, रुपयात अकरा मासे चांदी आणि एक मासा हीण. त्याआधी आपल्याकडे चांदवडी, अंकुशी असे नाना रुपये चालत. प्रत्येकाचा कस निराळा, त्यामुळे बट्ट्याचा हिशेब एकट्या सराफालाच कळे. कलदार रुपयाने ती कटकट मिटवली. वाण्यासोनारांनी तर रुपयाच वजन म्हणून तराजूत टाकायला सुरुवात केली.

अधेली, पावली आणि चवली ही रुपयाच्याच कसाची आणि त्याच प्रमाणात वजनाची. म्हणून या चार नाण्यांचा चांगल्या स्थितीतला संच घरात असेल तर तो तोलण्याचेही कारण नाही. दर्शनी किंमत मोजावी: एक रुपया चौदा आणे. रुपयामागे एक तोळा धरावा आणि त्याचे अकरा-बारांश घ्यावेत. आजच्या मापाने रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, सबंध संचात सुमारे २० ग्रॅम. तिला त्या दिवसाच्या भावाने गुणले की झाले. नाणी झिजलेली असतील तर काटा हवाच. शिवाय १९१८ पासून चवली, आणि पुढे काही वर्षे पावली-अधेलीही, निकेलमिश्रित तांब्याची निघाली. ती हिशेबातून वगळावी. हौशी संग्राहक देतो ती किंमत वेगळी. मी धातूपुरते बोलतो आहे.

परंतु रुपयाची किंमत आणि त्यातील चांदीची किंमत या दोन गोष्टी एक राहिल्या नाहीत, आणि खरा इतिहास तेथे सुरू होतो. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि थोडा आकार देऊन रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. तेव्हा कुणबिणीच्या पायातले तोडे म्हणजे निराळ्या आकाराचे रुपयेच म्हणा ना! पण १८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोने धरले, अमेरिकेत नव्या खाणी लागल्या, आणि चांदी घसरू लागली. विलायतेला दरसाल पौंडांत पाठवायची रक्कम सरकारला जड जाऊ लागली. १८९३ साली टांकसाळी रयतेच्या चांदीला बंद झाल्या. रुपया पुढे सोळा पेन्सांवर स्थिरावला, चांदी मात्र खालीच राहिली. १८९९ च्या लंडनच्या भावाने रुपयातील चांदी सुमारे दहा पेन्सांची, म्हणजे आपल्या भाषेत दहा आण्यांची होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत दख्खनचा शेतकरी ते तोडे विकायला निघाला, तेव्हा तोळाभर चांदीला रुपया मिळण्याचे दिवस गेले होते. सारा मात्र रुपयातच भरायचा होता.

पहिल्या महायुद्धात पारडे उलटे फिरले. चांदी इतकी चढली की रुपया वितळवणे फायद्याचे होऊ लागले. १९१७ साली सरकारने त्यावर बंदी घातली आणि ३० नोव्हेंबरला एक रुपयाची नोट काढली. १९१८ साली पिटमन कायदा करून अमेरिकेने आपले डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने अधिक सोपा मार्ग धरला. १९४० पासूनच्या रुपयाचे वजन तेच, पण चांदी निम्मी: ५.८३ ग्रॅम. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. स्वतंत्र भारतातही वजनाने फसण्याची सोय आहेच. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या संचात चांदी फक्त दहा रुपयांच्या नाण्यात आहे. ते १५ ग्रॅमचे, त्यात शेकडा ८०, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपयांचे नाणे २२.५ ग्रॅमचे, पण कस निम्मा, म्हणून चांदी सव्वाअकरा ग्रॅम. जड नाण्यात चांदी कमी! नाण्यावरचे साल आधी वाचावे, ते एवढ्यासाठी.

आम्ही ते वाचले नव्हते. आजीच्या बटव्यातले बारा रुपये घेऊन आम्ही एका सराफाकडे गेलो. त्याने ते एकाच पारड्यात टाकले, ‘निम्मी चांदी’ म्हणून भाव सांगितला, आणि आम्ही मान डोलावून पैसे घेतले. पुढे आजोबांच्या वहीत त्या रुपयांची साले टिपलेली सापडली. नऊ राणीछाप होते, १९४० नंतरचे फक्त तीन. बाराही रुपये मिळून सुमारे ११४ ग्रॅम चांदी होती. पैसे मिळाले होते ७० ग्रॅमचे.